एकदा कॅन्सर बरा झाला, आता दुसऱ्याची भीती: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी दुपारी रामबागेतल्या आमच्या दाराशी दोन-तीन चपलांचे जोड जास्त दिसतात. आलेल्या माणसाच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी असते आणि पिशवीत फाईल. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. इंदूरच्या एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात नोकरी केली, आयुष्यभर दुसऱ्यांच्या फाईली लावल्या. २००९ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी, डाव्या स्तनात गाठ निघाली आणि माझ्याही नावाची एक फाईल तयार झाली. ऑपरेशन, चार किमो, पंचवीस शेक (म्हणजे रेडिएशन), पाच वर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी. त्यानंतर इतकी माणसं तेच ते प्रश्न घेऊन आली, की आता उत्तरं लिहूनच काढली. औषध चालू-बंद करण्याचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचा, या पानाचा नव्हे.

दुसरा कॅन्सर म्हणजे पहिलाच परत आला, असंच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. पहिलाच आजार काही काळाने पुन्हा डोकं वर काढतो, ते उलटणं. तोच आजार रक्तातून किंवा लसिकेतून जाऊन हाडात, यकृतात बसतो, ते पसरणं. स्तनाचा कॅन्सर फुप्फुसात गेला म्हणून तो फुप्फुसाचा होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी स्तनाच्याच दिसतात आणि औषधंही स्तनाचीच चालतात. दुसरा कॅन्सर ही तिसरीच गोष्ट: नव्या पेशीतून सुरू झालेला, स्वतंत्र, नवा आजार. वॉरन आणि गेट्स या दोन डॉक्टरांनी १९३२ साली त्यासाठी तीन अटी मांडल्या होत्या. दोन्ही गाठी कॅन्सरच्याच असाव्यात, दोन्ही वेगवेगळ्या असाव्यात आणि एक म्हणजे दुसरीचाच पसारा नाही हे पक्कं व्हावं. तपासाची साधनं बदलली, मूळ विचार तोच आहे.

सुदामा नगरच्या एका आजींना स्तनाच्या कॅन्सरनंतर नऊ वर्षांनी मानेत गाठ लागली. घरच्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं, की पसरला. तपासणीसाठी तुकडा काढायला (बायोप्सीला) नको म्हणाले, "आता या वयात कशाला चिरफाड," आणि मुलगा काशीची तिकिटं बघायला लागला. सुनेने हट्ट धरला म्हणून सुई घालून तपासणी झाली. निघाला थायरॉइडचा, तोही पॅपिलरी, म्हणजे कॅन्सरमधला त्यातल्या त्यात शहाणा. ऑपरेशन झालं. आजी अजून आहेत आणि काशीलाही जाऊन आल्या. तेव्हा नवी गाठ दिसली आणि डॉक्टर पुन्हा तुकडा मागत असतील, तर भांडू नका. शक्य असेल तर पहिल्या ऑपरेशनचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइडही तपासणाऱ्याला नेऊन द्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की उत्तर जास्त खात्रीचं मिळतं.

हे किती जणांना होतं?

अमेरिकेत नव्याने सापडणाऱ्या कॅन्सरपैकी साधारण पाचातला एक अशा माणसाला होतो, ज्याला पूर्वी एकदा कॅन्सर होऊन गेलेला असतो. हा आकडा ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो. पण तो नीट वाचा. बऱ्या झालेल्या पाचातल्या एकाला दुसरा होतोच, असं तो म्हणत नाही. पूर्वी लोक पहिल्यातून वाचतच नसत. आता वाचतात, म्हातारे होतात, आणि म्हातारपणी कॅन्सर कुणालाही होऊ शकतो. त्या आकड्यात हेही आलं. तुमचा स्वतःचा धोका पहिला कॅन्सर कुठला, कोणत्या वयात, उपचार कोणते, घराण्यात काय आणि तोंडात काय, यावर ठरतो. शेवटच्या मुद्द्याकडे पुढे येतेच.

शेक आणि किमोमुळेच दुसरा होतो म्हणतात. मग ते घ्यायचेच कशाला?

हा प्रश्न बहुतेक दबक्या आवाजात येतो, आणि विचारणारा पुढच्या आठवड्याचा शेक चुकवायच्या बेतात असतो. (रेडिएशनला आमच्याकडे कुणी शेक म्हणतं, कुणी हिंदीतून सिकाई, जुनी माणसं नुसतं "लाईट".)

शेकामुळे दुसरा कॅन्सर होऊ शकतो, हे खरं आहे. किती, ते बघा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, प्रौढपणी उपचार घेतलेल्यांना नंतर झालेल्या गाठींच्या कॅन्सरपैकी सुमारे ८ टक्के शेकाच्या खात्यावर मांडता आले. बाकीच्यांमागे तंबाखू, दारू, वजन, वय, जनुकं अशी नेहमीचीच मंडळी. शेकामुळे होणारी गाठ सहसा लगेच येत नाही. पाच-दहा वर्षं, कित्येकदा वीस-तीस वर्षं लागतात, आणि ती शेक दिलेल्या भागात किंवा त्याच्या कडेला येते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर शेक घेतलेल्या बाईला पंधरा वर्षांनी लघवीतून रक्त आलं, तर "शेकाचा जुना त्रास" म्हणून सोडून देऊ नये, ते यासाठी. जुना त्रासही असू शकतो, पण ते दुर्बिणीने मूत्राशय पाहून ठरवायचं, अंदाजाने नाही.

धोका खरोखर मोठा आहे तो लहान वयात छातीवर शेक घेतलेल्या मुलींना. हॉजकिन नावाचा लसिकाग्रंथींचा कॅन्सर तरुणपणी होतो आणि बहुतेक वेळा बरा होतो. पूर्वी त्यासाठी मान, काखा, छाती अशा सगळ्या पट्ट्यावर जोरदार शेक देत. मुली वाचल्या, संसाराला लागल्या, आणि पुढे त्यांच्यातल्या कितीतरी जणींना ऐन तिशी-चाळिशीत स्तनाचा कॅन्सर निघाला. यातूनच नियम तयार झाला. अशा मुलीने वयाच्या पंचविशीपासून किंवा शेकानंतर आठ वर्षांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय दोन्ही करावं. पुरुष असो वा बाई, छातीवर शेक घेतलेला माणूस सिगारेट ओढत असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचे दोन्ही धोके नुसते बेरजेत येत नाहीत, ते गुणाकारात जातात.

किमोचं गणित वेगळं आहे. सायक्लोफॉस्फामाइड, मेल्फॅलन या जातीच्या औषधांनंतर रक्ताचा कॅन्सर झालाच, तर साधारण पाच ते सात वर्षांनी होतो. इटोपोसाइड किंवा डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लालभडक औषध, त्याच्यानंतर एक ते तीन वर्षांत. स्तनाच्या नेहमीच्या किमोनंतर हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. त्या किमोने किती बायका वाचतात ते बाजूला ठेवून फक्त हा आकडा पाहणं म्हणजे व्यवहार सोडून नुसती भीती धरणं. उगाच दम लागतोय, अंगावर निळे डाग पडताहेत, ताप जातच नाही, असं झालं तर साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करून घ्या. ती इंदुरात गल्लोगल्ली होते.

आमच्या ह्यांना गालाचा झाला होता. जबड्याचं ऑपरेशन झालं. आता "फक्त एखादी पुडी" खातात. चालेल?

नाही. या पानावर दुसरं काही वाचलं नाहीत तरी हे उत्तर वाचा.

तंबाखू आणि सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात गाठ एका जागी दिसते, पण खराबी तेवढ्याच जागी नसते. डॅनली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये तोंडाच्या गाठींच्या आजूबाजूचं, डोळ्यांना चांगलं दिसणारं अस्तर तपासलं, तर तेही बिघडलेलं निघालं. शेतकऱ्याला हे लगेच कळेल: एक रोप उपटलं म्हणून वावरातलं बी संपत नाही. ओठापासून घशापर्यंत, अन्ननलिकेपर्यंत आणि सिगारेट-बिडी असेल तर फुप्फुसापर्यंत सगळं एकच वावर. म्हणून डोकं-मान भागाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांत दरवर्षी शंभरातल्या तिघा-चौघांना त्याच वावरात नवा कॅन्सर निघतो. पहिला उलटण्याची भीती मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत असते, पुढे ओसरते. नव्याची भीती तशी ओसरत नाही, दरवर्षी तेवढीच राहते. पाच वर्षं झाली, सुटलो, हा हिशोब गालाच्या कॅन्सरला लागू नाही.

मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, अन्नसुरक्षा नियमांखालची देशातली पहिली आपलीच. त्याचं पुढे काय झालं ते कुठल्याही पानठेल्यावर दिसतं. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही एकाच दोरीला लटकवलेल्या, आणि गिऱ्हाईक तळहातावर त्यांचं लग्न लावतो. कायद्याने पुडी तोडली, सवय तोडली नाही.

माझ्याकडे छत्रीबागेतले एक गृहस्थ येत. त्यांची बायको सांगत होती, की सराफ्यात गेलो तर हे पाणीपताशे अर्धे मोडून खातात, तोंडात पूर्ण जातच नाही. चेष्टेत सांगत होती. मी म्हटलं, भाऊ, तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी घालून दाखवा. दोन जेमतेम गेली. सुपारीने गालाच्या आतली कातडी दोरखंडासारखी ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. हा कॅन्सर नव्हे, पण त्याच्या अंगणातलाच आजार. पहिल्या ऑपरेशनच्या दुसऱ्या बाजूला त्यांच्या गालावर एक लाल चट्टाही होता. पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लाल जास्त वाईट, हे लक्षात ठेवा. त्याच आठवड्यात तुकडा झाला, चट्टा वेळेवर निघाला. त्या दिवसापासून पुडी सुटली का? दोनदा सुटली, दोनदा धरली, तिसऱ्यांदा सुटली ती आजपर्यंत. एका झटक्यात सुटत नाही म्हणून लाजू नका. १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे. निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगगम मिळतात, डॉक्टर औषधही देतात. "कॅन्सर झालाच आहे, आता सोडून काय उपयोग" म्हणणाऱ्यांसाठी: धूम्रपानामुळे दुसरा कॅन्सर होतो, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाच्या) २०१४ च्या अहवालाने स्पष्टच नोंदवलं आहे.

तोंड घरी तपासायचं ते असं. महिन्यातून एकदा, दात घासल्यावर, आरशासमोर मोबाईलची टॉर्च लावून. दोन्ही गाल आतून, हिरड्यांच्या मागे, जीभ वर करून खाली, कडा दोन्ही बाजूंनी, टाळू. दोन आठवड्यांत न भरलेला फोड, चट्टा, गिळताना अडकणं, कारण नसताना एकाच कानात ठणका, आवाज बसलेला तो बसलेलाच: यातलं काहीही दिसलं की पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं.

आणि नुसती सुपारी? ती तर पूजेतसुद्धा असते.

पूजेत ठेवा, गणपती म्हणून मांडा. खाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलासुद्धा, माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. मीठी सुपारी, मुखवासातली सुपारी, लग्नाच्या पंगतीनंतर तबकात फिरणारी केशरी सुपारी, सगळी त्यातच. आमच्या आजीचा पितळी अडकित्ता अजून घरात आहे. मुलं त्याने नारळाचे तुकडे करतात.

स्तनाच्या कॅन्सरनंतरची टॅमॉक्सिफेन गोळी गर्भाशयाचा कॅन्सर करते, असं इंटरनेटवर वाचलं. बंद करू?

नका करू. मी ती पाच वर्षं घेतली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाळी गेलेल्या बायकांत ही गोळी गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका दुप्पट-अडीचपट करते. ऐकायला भयंकर. प्रत्यक्षात हजार बायकांत वर्षाला साधारण एकीच्या जागी दोघी. आणि तीच गोळी दुसऱ्या स्तनात नवा कॅन्सर होण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर आणते, पहिला उलटण्याची भीतीही कमी करते. म्हणजे गोळी एका दुसऱ्या कॅन्सरचा धोका थोडा वाढवते आणि दुसऱ्या एका दुसऱ्या कॅन्सरचा बराच घटवते. (हे वाक्य दोनदा वाचावं लागतं, मला माहीत आहे.)

किमोनंतर माझी पाळी बंद झाली होती. २०१३ मध्ये, गोळीच्या चौथ्या वर्षी, एकदा डाग दिसला. मुलीचं लग्न दीड महिन्यावर. रुखवत, हॉल, नागपूरचे पाहुणे. मी कुणाला बोलले नाही. रोज दुसऱ्यांच्या फाईलींत "तक्रार केव्हापासून" हा रकाना वाचणारी बाई, आणि स्वतःच्या बाबतीत दोन महिने गप्प. लग्न पार पडल्यावर गेले. सोनोग्राफी, मग अस्तराचा तुकडा. पॉलिप निघाला, साधा. पण रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मी जेवले कशी ते आठवत नाही. पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी दिसला, गुलाबी असो, तपकिरी असो, डॉक्टरकडे जायचं. आणि काहीच त्रास नसताना दरवर्षी "अस्तर किती जाड" म्हणून सोनोग्राफी करत बसायचं नाही. या गोळीने अस्तर तसंही जाड दिसतं, त्यातून उगाच तुकडे काढण्याचा फेरा मागे लागतो.

आमच्या घरात आजी, आत्या, आई, तिघींनाही झाला. हे घराण्यातच आहे का?

असू शकतं, आणि तसं असेल तर दुसऱ्या कॅन्सरचा सगळा हिशोबच बदलतो. बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या बाईला एका स्तनात कॅन्सर झाल्यावर पुढच्या वीस वर्षांत दुसऱ्या स्तनात होण्याची शक्यता सुमारे ४० टक्के, बीआरसीए-२ मध्ये सुमारे २६ टक्के. शिवाय बीजांडकोशाचा धोका आहेच. दोष नसलेल्या बाईत दुसऱ्या स्तनाचा धोका वर्षाला अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. फरक एवढा मोठा आहे, की चाचणी करायची की नाही हा प्रश्न पहिल्या उपचारांच्या वेळीच विचारलेला बरा.

पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, ट्रिपल निगेटिव्ह प्रकार (रिपोर्टात ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह), बीजांडकोशाचा कॅन्सर कोणत्याही वयात, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, एकाच माणसाला दोन वेगळे कॅन्सर: यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा. घराण्यात मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा, दोन्ही वारंवार दिसत असतील तर तो लिंच नावाचा वेगळा दोष असू शकतो. तिथे वेळोवेळी आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून गाठी कॅन्सर व्हायच्या आधीच काढता येतात. ॲस्पिरिनचाही उपयोग दिसला आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा दोन्ही डोळ्यांत झालेल्या बाळांचं जनुकही तपासावं. त्यांना पुढे हाडाचा-स्नायूचा कॅन्सर होण्याची भीती असते.

एक गोष्ट आमच्या लोकांत हमखास चुकते. घराण्याचा इतिहास विचारला की माणसं फक्त आईकडचं सांगतात. हा दोष वडिलांकडूनही तेवढाच येतो. आत्या मोजा.

मुलीला नवव्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला होता. आता स्थळं येताहेत. सांगायचं का?

सांगायचं की नाही हे मी ठरवणार नाही. मी असते तर सांगितलं असतं, कारण वर्षाला एकदा तपासणीला जायचं आणि ते सासरी लपवायचं, ही कसरत कुणाला जमत नाही. मुलीला मात्र नक्की सांगा. मला अशा दोन मुली भेटल्या आहेत, ज्यांना "लहानपणी मोठा ताप आला होता" एवढंच माहीत होतं.

१९७० ते १९८६ या काळात अमेरिका-कॅनडात बालपणी कॅन्सरवर उपचार घेतलेल्या मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा तीस वर्षांत सुमारे २० टक्क्यांना कुठली ना कुठली नवी गाठ झाली. त्यातल्या त्वचेच्या किरकोळ गाठी आणि मेंदूच्या आवरणाच्या गाठी वगळल्या तर सुमारे ८ टक्के उरतात. मोठा वाटा शेकाचा. म्हणूनच पुढे मुलांना शेक कमी दिला जाऊ लागला, डोस उतरले, आणि १९९० च्या दशकात उपचार घेतलेल्या मुलांत हे प्रमाण खाली आलेलं दिसतं. मुलीच्या डोक्याला शेक दिला होता का, किती, तेवढा कागद शोधून ठेवा.

दरवर्षी पेट स्कॅन आणि कॅन्सर मार्करचं पॅकेज करून टाकलं तर?

पैसे जास्त झाले असतील तर सोनं घ्या. त्रास नसताना दरवर्षी पेट-सीटी, म्हणजे सगळ्या अंगाचा स्कॅन, करून आयुष्य वाढल्याचा पुरावा बहुतेक कॅन्सरांत नाही, शिवाय त्यात किरणांचा डोस आहे आणि खोट्या डागांचा मनस्ताप. सीए-१२५, सीईए हे रक्तात मोजायचे मार्कर ठरावीक आजारात, ठरावीक कामासाठी असतात. सरसकट शोधाशोधीला नाहीत. सूज आली, पित्ताशयात खडे झाले तरी ते वाढतात. त्यापेक्षा वयाप्रमाणे जे सगळ्यांनी करायचं तेच चुकवू नका: स्तनाची मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी, तोंडाची तपासणी. पहिल्या कॅन्सरच्या गडबडीत बाई बाकी अवयव विसरूनच जाते.

खाण्यापिण्याचं काय? पोहे-जिलबी बंद?

रविवारी सकाळी शेव-जीरावन घातलेले पोहे खाऊन कुणाला दुसरा कॅन्सर होत नाही. रोज छप्पन दुकान आणि रात्री सराफा, असं चाललं तर वजन वाढतं, आणि वाढतं वजन हे पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा, आतड्याचा अशा बऱ्याच कॅन्सरांचं कारण आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाला. नेहरू पार्कच्या बाकावर बसून गप्पा मारलेल्या त्यात मोजायच्या नाहीत. दारू थोडीसुद्धा हिताची नाही. तंबाखूबरोबर ती तोंड आणि घसा दोन्ही जाळते.

"इम्युनिटी"च्या डब्यांबद्दल एकच किस्सा. गाजरातलं बीटा-कॅरोटिन फुप्फुस वाचवील अशा आशेने धूम्रपान करणाऱ्यांना त्याच्या गोळ्या दिल्या. फिनलंडचा अभ्यास १९९४ मध्ये आला, अमेरिकेचा १९९६ मध्ये. दोन्हींत गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर वाढला. गाजर खा, कोशिंबिरीत, हलव्यातही. गोळ्या नकोत. हळद फोडणीत घाला. तिच्या कॅप्सूल किमो चालू असताना डॉक्टरांना न सांगता घेऊ नका.

लस आहे का?

एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागच्या विषाणूवरची, आहे, पुण्याच्या सिरमची सर्वाव्हॅकसुद्धा. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुला-मुलींना ती जरूर द्यावी. तीन डोस, उपचार संपल्यावर केव्हा सुरू करायची ते डॉक्टर सांगतील. हिपॅटायटिस बी तपासून, नसेल तर तीही.

दुसरा झालाच, तर उपचार होतात की नाही?

होतात. लवकर सापडला तर पुष्कळदा पूर्ण बरे होण्यासाठीच होतात. फक्त डॉक्टरांचे हात थोडे बांधलेले असतात. एका जागेला एकदा पूर्ण शेक दिला की तिथे पुन्हा तेवढा देताना फार विचार करावा लागतो. डॉक्सोरुबिसिनला तर आयुष्यभराची मर्यादा आहे, शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्राम. त्यापुढे हृदय धोक्यात. आता समजा, पहिल्या वेळी तुम्हाला किती दिलं होतं ते कुणालाच माहीत नाही. मग?

मग फाईलमध्ये नेमकं काय हवं?

तुकड्याचा मूळ रिपोर्ट. ऑपरेशनची नोंद. किमोच्या औषधांची नावं आणि एकूण डोस, नुसतं "सहा सायकल" नव्हे. शेक कोणत्या भागाला, किती ग्रे (शेकाचा डोस मोजायचं एकक), किती दिवसांत, कोणत्या तारखांना. जनुकाची चाचणी झाली असेल तर ती. हे सगळं एका पानावर, डॉक्टरांच्या सहीने मागून घ्या. डिस्चार्ज समरीत शेकाचा डोस बहुतेक वेळा नसतोच, तो शेकाच्या विभागातून वेगळा मागावा लागतो.

आणि आजच मागा, कारण भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांवर कागद सांभाळायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांचंच घातलं. (त्याच नियमांत रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचेही आहेत. हे मोठ्याने म्हणून दाखवलं की खिडकीपलीकडचा माणूस जरा सरळ बसतो.) रोगाचं घड्याळ दहा-वीस वर्षांचं, कागदाचं तीन.

आमच्या रुग्णालयात शेकाचं मशीन नव्हतं, म्हणून माझे शेक दुसरीकडे झाले. २०१७ मध्ये त्यांचा कागद मागायला गेले, तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "आंटी, तीन साल के बाद सब रद्दी में." मी चिडले, बोलले आणि घरी येताना रिक्षात गप्प झाले. तशाच नष्ट करायच्या फाईलींच्या याद्यांवर मीही कितीतरी वर्षं सह्या केल्या होत्या. त्या यादीत नुसते नंबर असतात.

हरवलेलं थोडंफार परत मिळतं. पॅथॉलॉजीवाल्यांकडे ब्लॉक बहुतेकदा फाईलपेक्षा जास्त टिकतो, तिथे विचारा. औषधाच्या दुकानाची बिलं शोधा, त्यांवर किमोच्या बाटल्यांचे मिलिग्राम छापलेले असतात. माझा डॉक्सोरुबिसिनचा डोस अशा चार बिलांवरूनच जुळला. विम्याचा दावा केला असेल तर त्यांच्याकडे प्रती असू शकतात. बिल उष्णतेवर छापलेलं असेल तर काही पावसाळ्यांत कोरं होतं. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा आणि मोबाईलवर फोटोही. चौदा आकडी आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, काढून ठेवायला हरकत नाही, पण रुग्णालयाने कागद त्याला जोडला तरच तो तिथे दिसतो.

आयुष्मान कार्डात फॉलोअप बसतो का?

भरती होऊन घेतलेले उपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. ओपीडीत दाखवणं, वार्षिक मॅमोग्राफी बहुतेक खिशातूनच. टाटाला, म्हणजे मुंबईत परळला, ज्यांचे उपचार झाले त्यांनी प्रत्येक फॉलोअपला अवंतिका एक्सप्रेस पकडायची गरज आहे का, हे तिथल्याच डॉक्टरांना विचारा. कित्येकांना ते साध्या तपासण्या इंदुरातच करून रिपोर्ट पाठवायला सांगतात.

ताई, तुम्ही स्वतः काय करता?

माझी मॅमोग्राफी दरवर्षी अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी. रात्रभर मिरवणुकीतल्या झांक्या बघून पाय दुखत असतात, पण तारीख लक्षात राहते. राहिलेल्या छातीची आणि दुसऱ्या बाजूची, दोन्हींची होते. मागच्या वर्षीची फिल्म सोबत नेते, कारण डॉक्टर नव्यापेक्षा फरक बघतात. आणि त्या दिवशी अंघोळीनंतर काखेत पावडर किंवा डिओ लावत नाही. त्याचे कण फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. एका वर्षी तेवढ्यासाठी मला पुन्हा बोलावलं होतं.